भिंतीच्या आतले मैदान : ब्रॉडमूर रुग्णालयातील व्यायाम आणि खेळांची वाटचाल

मे १८०० मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स हॅडफिल्ड नावाच्या माजी सैनिकाने राजा तिसरा जॉर्ज याच्यावर पिस्तूल झाडले. नेम चुकला. लढाईत डोक्यावर झालेल्या तलवारीच्या वारांनी त्याच्या मनाचा तोल ढळला होता, हे न्यायालयाला पटले आणि ज्युरीने त्याला दोषमुक्त केले. पण दोषमुक्त झालेल्या या माणसाला मोकळे सोडायला कुणाचीच तयारी नव्हती. त्याच वर्षी संसदेने घाईघाईने कायदा केला आणि अशा माणसांना अनिश्चित काळ ताब्यात ठेवण्याची सोय करून घेतली. हॅडफिल्ड १८४१ मध्ये मेला, तो बेथलेम रुग्णालयातच. शिक्षा झाली नाही आणि सुटकाही झाली नाही, अशा माणसांचे काय करायचे, हा प्रश्न तिथून सुरू होतो. ब्रॉडमूर ही संस्था त्या प्रश्नाच्या पोटी जन्मली.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १८४३ मध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. ड्रमंड दगावले. त्या खटल्यानंतर इंग्लंडच्या न्यायाधीशांनी जे नियम घालून दिले, त्यांचा ठसा १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ वर उमटला. आज तेच तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. मॅक्नॉटन स्वतः १८६४ मध्ये बेथलेमहून ब्रॉडमूरला आला आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला. येरवड्याच्या किंवा ठाण्याच्या मनोरुग्णालयात न्यायालयाच्या आदेशाने दाखल झालेला रुग्ण आणि ब्रॉडमूरचा रुग्ण यांच्यामागे कायद्याचे कूळ एकच आहे.

मानसिक उपचारांत व्यायामाला कोणते स्थान असावे, हा या स्मरणिकेचा विषय. म्हणून ब्रॉडमूरचा इतिहास इथे त्याच्या मैदानाच्या बाजूने मांडला आहे. तिथल्या गाजलेल्या कैद्यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे, वर्तमानपत्रांनी तर दीडशे वर्षे दुसरे काही लिहिलेच नाही. त्या माणसांनी चोवीस तासांत हातपाय कुठे आणि कसे हलवले, याची चौकशी फार थोड्यांनी केली.

१८६०च्या कायद्याने गुन्हेगार ठरलेल्या मनोरुग्णांसाठी स्वतंत्र आश्रयस्थान उभारण्याचे ठरले. बर्कशर परगण्यात क्रोथोर्न गावाजवळ उंचवट्यावरची जागा निवडली गेली. आराखडा सर जोशुआ जेब यांचा. जेब लष्करी अभियंते होते आणि पेंटनव्हिलचा प्रसिद्ध तुरुंग त्यांनीच आखला होता. ब्रॉडमूर बांधताना त्यांना तुरुंगाच्या आराखड्यापुढे जावे लागले. उंचवट्याच्या दक्षिण उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे सपाट मजगे काढले गेले. त्यांवर उभे राहिले की भिंतीपलीकडचा मुलूख दूरवर दिसायचा. २७ मे १८६३ रोजी पहिले रुग्ण आले. त्या सगळ्या स्त्रिया होत्या. महिनाभराने जेब वारले. पुरुष रुग्णांची आवक १८६४च्या फेब्रुवारीत सुरू झाली.

पहिले अधीक्षक डॉ. जॉन मेयर आणि त्यांच्यानंतर १८७० पासून १८८६ पर्यंत कारभार पाहणारे डॉ. विल्यम ऑरेंज हे दोघेही त्या काळच्या 'नैतिक उपचार' पद्धतीत वाढलेले डॉक्टर. मनाला गुंगवणारी औषधे तेव्हा मोजकी होती आणि बरे करणारे औषध एकही नव्हते. मग उरले काय? नियमित दिनक्रम, पुरेसे अन्न, मोकळी हवा, काम आणि करमणूक. रुग्ण शेतात आणि भाजीच्या मळ्यात राबत, सुतारकाम, शिवणकाम, चांभारकाम करत. स्त्रियांच्या वाट्याला मुख्यतः धुलाई आणि शिवण. प्रत्येक इमारतीला लागून तटबंदीचे अंगण होते आणि रोज ठरलेल्या वेळी रुग्णांना तिथे फिरायला काढले जाई. उन्हाळ्यात क्रिकेट, हिरवळीवर बोल्स आणि क्रोकेट. क्रिकेटचा तर संस्थेला खास अभिमान. बाहेरचे संघ खेळायला आत येत, कारण ब्रॉडमूरच्या खेळाडूंना परगावी जाऊन खेळण्याची सोय नव्हती. खेळाडूच्या भूतकाळाची फाइल कचेरीत राही आणि मैदानावर तो बाद झाला की नाही, हे पंच ठरवी. इतरत्र कुठेही न मिळणारी ही बरोबरी त्या रुग्णांना आठवड्यातून काही तास मिळत होती.

व्हिक्टोरियाच्या काळातल्या या डॉक्टरांना भाबडे समजू नये. १८६६ मध्ये प्रार्थनागृहातच एका रुग्णाने मेयर यांच्या डोक्यात वार केला, त्यातून त्यांची प्रकृती पुन्हा पूर्ववत झाली नाही. १८८२ मध्ये ऑरेंज यांच्यावरही हल्ला झाला आणि तेही कायमचे खचले. असे असताना मैदान बंद झाले नाही, याचे मला फार मोल वाटते. हल्ला झाला की पहिला हात खेळावर पडतो, हा पुढच्या काळातला अनुभव आहे.

या काळातले दोन रुग्ण सांगण्यासारखे आहेत. एडवर्ड ऑक्सफर्ड याने १८४० मध्ये, अठराव्या वर्षी, राणी व्हिक्टोरियावर पिस्तूल झाडले होते. बेथलेममध्ये चोवीस वर्षे काढून तो ब्रॉडमूरला आला, तेव्हा त्याला बरेच हुन्नर येत होते आणि परक्या भाषाही. मनाचा आजार नावालाही दिसत नव्हता. १८६७ मध्ये देश सोडण्याच्या अटीवर त्याला सोडले. तो मेलबर्नला गेला, नाव बदलून प्रतिष्ठित नागरिक झाला, त्या शहराविषयी त्याने पुस्तकही लिहिले. दुसरे अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम मायनर. १८७२ मध्ये ते आले आणि १९१० पर्यंत राहिले. 'ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशा'साठी त्यांनी हजारो अवतरणे पाठवली. बुद्धीला काम मिळाले तर आजारी माणूसही किती भर घालू शकतो, याचे हे उदाहरण सगळीकडे सांगितले जाते. पण मायनर यांचे दिवस ज्या इमारतीत गेले तिचाही विचार करावा लागतो.

ती दुसऱ्या क्रमांकाची इमारत. पुरुषांच्या इमारती क्रमांकांनी ओळखल्या जात. दुसऱ्या क्रमांकात शांत, शिकलेले, सवलतीस पात्र ठरलेले रुग्ण. पहिल्या आणि सहाव्या क्रमांकात हूड, हिंसक, 'आवरायला कठीण' असे. मजगे, क्रिकेट, वाचन, वाद्ये हे सारे शांत रुग्णांना भरपूर मिळे. ज्याचे शरीर रागाने, भीतीने, भासांनी तडतडत असे, त्याला सर्वांत लहान अंगण आणि सर्वांत जास्त पहारा. चांगले वागलात तर खेळायला मिळेल, हा हिशेब सरळ वाटतो. प्रशासनाला तो सोयीचाही होता. पण याचा अर्थ असा की, ज्याला व्यायामाची सर्वांत जास्त गरज होती त्यालाच तो सर्वांत शेवटी मिळाला. मैदान बक्षीस म्हणून वाटले गेले. ते उपचार म्हणून लिहून द्यायला पुढे शंभरहून अधिक वर्षे जावी लागली. ब्रॉडमूरच्या इतिहासातली ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध घाईने ओलांडता येईल. कारभार गृहखात्याकडेच राहिला, रुग्ण वाढत गेले, इमारती त्याच राहिल्या. १९४८च्या कायद्यानंतर नावातले 'गुन्हेगार वेड्यांचे आश्रयस्थान' गेले आणि 'ब्रॉडमूर संस्था' आले. १९५९च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर ते 'ब्रॉडमूर रुग्णालय' झाले आणि थेट आरोग्यखात्याच्या कारभाराखाली आले. इथले परिचारक मात्र पुढेही तुरुंग अधिकाऱ्यांच्या संघटनेचेच सभासद राहिले. एकाच माणसाने सकाळी चाव्यांचा जुडगा सांभाळायचा आणि दुपारी त्याच रुग्णाबरोबर फुटबॉल खेळायचा, ही इथली रोजची परिस्थिती होती आणि आहे.

२९ एप्रिल १९५२ला सगळे बदलले. जॉन स्ट्रॅफन नावाचा रुग्ण अंगणात साफसफाईचे काम करता करता एका छपरीवर चढला आणि भिंतीवरून उतरून गेला. तो बाहेर होता चारेक तास. तेवढ्यात पाच वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. परिसरातल्या लोकांचा संताप पूर्णपणे रास्त होता. चौकशी झाली, पहारे वाढले आणि आजूबाजूच्या गावांना इशारा देण्यासाठी भोंग्यांची साखळी उभी राहिली. दर सोमवारी सकाळी दहा वाजता ते भोंगे तपासणीसाठी वाजत. पुढची सहा दशके त्या पट्ट्यातल्या मुलांचे बालपण त्या आवाजाबरोबर गेले.

या घटनेचा रुग्णांच्या दिनक्रमावर जो परिणाम झाला तो एका वर्षापुरता नव्हता. खुल्या जागेत होणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे पळण्याची वाट म्हणून पाहायची सवय लागली. तरी दुसऱ्या बाजूने वारे फिरत होते. पन्नाशीच्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध आले. भास आणि भ्रम ताब्यात येऊ लागले, वर्षानुवर्षे कोंडलेले रुग्ण बोलू लागले. १९५७ मध्ये डॉ. पॅट्रिक मॅक्ग्रा अधीक्षक झाले आणि १९८१ पर्यंत राहिले. अधीक्षक ही पदवी धारण करणारे ते शेवटचे. त्यांचे कुटुंब रुग्णालयाच्या आवारातच राहत असे, आणि त्यांचा मुलगा पुढे त्याच नावाने कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला. मॅक्ग्रा यांच्या काळात गर्दी इतकी झाली की लिव्हरपूलजवळ मॅगहल येथे पार्क लेन हे नवे रुग्णालय १९७४ पासून उभे राहू लागले. खाटांमध्ये हात पुरण्याइतकेही अंतर नसेल, तर उठाबशा कुठे काढायच्या?

औषधांनी मन सावरले, पण शरीराकडून त्याची किंमत वसूल केली. जुन्या औषधांनी अंग ताठरायचे, हात कापायचे, चाल मंदावायची. नव्या औषधांनी, विशेषतः क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांनी, भूक वाढते आणि वजन झपाट्याने चढते. ब्रिटनमध्ये क्लोझापिनला १९९० मध्ये परवाना मिळाला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात त्याच्या तोडीचे दुसरे औषध नाही, त्यामुळे ब्रॉडमूरसारख्या ठिकाणी त्याचा वापर अटळ आहे. त्यात वर्षानुवर्षे बंद वॉर्डात बसून राहणे, रुग्णालयाच्या दुकानातली बिस्किटे आणि थंड पेये, कंटाळा घालवण्याचा एकमेव उपाय म्हणजे खाणे. इंग्लंडमधल्या सुरक्षित मनोरुग्णालयांत जादा वजनाच्या रुग्णांचे प्रमाण काही ठिकाणी ८० टक्क्यांपर्यंत पोहोचल्याचे तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनेच नोंदवले आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १५ ते २० वर्षे लवकर जातात, आणि त्यातले बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह अशा शारीरिक आजारांनी होतात. समाजाचे रक्षण व्हावे म्हणून ज्याला आपण कोंडले, त्याचे हृदय आपल्या देखरेखीखाली बंद पडत असेल तर ती जबाबदारी आपली आहे. हे मी ठामपणे म्हणतो.

इथे व्यायामाची जागा करमणुकीच्या रकान्यातून उपचाराच्या रकान्यात सरकली. जर्मनीत ग्योटिंगेन येथे झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास बराच गाजला. स्किझोफ्रेनियाच्या काही पुरुष रुग्णांनी तीन महिने, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास स्थिर सायकल चालवली, तर दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ टेबलावरचा फुटबॉल खेळला. सायकलवाल्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाचा आकार सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. गट अगदी लहान होते आणि नेदरलँड्समधल्या पुढच्या अभ्यासात तशी वाढ दिसली नाही, म्हणून त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. त्याहून भरवशाचा पुरावा २०१५ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून झालेल्या विश्लेषणातून आला. आठवड्याला सुमारे ९० मिनिटे दम लागेल असा व्यायाम केला तर स्किझोफ्रेनियाची लक्षणे कमी होतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही २०१४ पासून मनोविकारावरील औषधे घेणाऱ्यांना आहार आणि व्यायाम यांचा एकत्रित कार्यक्रम द्यावा असे सांगितले आहे.

बाहेरच्या व्यायामशाळेत हे सोपे आहे. कडेकोट सुरक्षेच्या रुग्णालयात प्रत्येक तासामागे मोठी तयारी असते. रुग्णाची जोखीम त्या त्या दिवशी तपासायची. कोण कोणाबरोबर खेळू शकतो, कोणत्या दोघांना एका वेळी एका दालनात आणायचे नाही, हे पाहायचे. बॅट, चेंडू, रॅकेट, दोऱ्या मोजून काढायच्या आणि मोजून परत ठेवायच्या. एखादी वस्तू कमी भरली तर शोध लागेपर्यंत कुणी हलायचे नाही. सुट्या वजनांपेक्षा यंत्रात बसवलेली वजने बरी, कारण ती उचलून फेकता येत नाहीत. औषधांमुळे उठताना रक्तदाब घसरून चक्कर येते, काही औषधांनी घाम नीट येत नाही आणि उष्म्याचा त्रास होतो, क्लोझापिनच्या सुरुवातीच्या काळात हृदयावर लक्ष ठेवावे लागते. रात्रीच्या मात्रेची गुंगी सकाळी उतरलेली नसते, म्हणून व्यायाम दुपारी ठेवलेला बरा. असे हिशेब करणारा क्रीडाशिक्षक हा उपचार करणाऱ्या चमूचाच माणूस असतो, आणि त्याने वॉर्डाच्या बैठकीत बसलेच पाहिजे.

तो बैठकीत सांगतो ते इतर कुणाला दिसत नाही. डॉक्टर रुग्णाला खुर्चीवर बसलेला पाहतात आणि खुर्चीवर माणूस स्वतःला आवरू शकतो. मैदानावर चेंडू हातून सुटतो, सहकारी चिडतो, पंच विरुद्ध निर्णय देतो, धक्का लागतो. त्या क्षणी तो काय करतो? पूर्वी ज्या माणसाचा हात उठला असता, तो आज मान खाली घालून जागेवर परतला, ही नोंद सुटकेच्या विचारात कुठल्याही प्रश्नावलीइतकीच वजनदार आहे. उलटही घडते. हरल्यावर दोन दिवस कुणाशी न बोलणारा रुग्ण औषध बदलण्याची गरज आधीच दाखवून देतो. इंग्लंडच्या सुरक्षित रुग्णालयांत भिंती आणि कुलपांची सुरक्षा, नियमांची सुरक्षा आणि माणसांमधल्या नात्याची सुरक्षा असे तीन स्तर मानतात. तिसरा स्तर ज्या जागी सर्वांत वेगाने तयार होतो ती जागा खेळाची आहे. ज्याने तुमच्या पासवर गोल मारला, त्याच्या चेहऱ्यावरचा बदल तुम्हाला लवकर ओळखू येतो.

दुर्दैवाने, सुरक्षेवरचा वाद उठला की पहिले दोन स्तरच वाढवले जातात. सन २००० मध्ये सर रिचर्ड टिल्ट यांच्या समितीने ब्रॉडमूर, रॅम्प्टन आणि अ‍ॅशवर्थ या इंग्लंडमधल्या कडेकोट सुरक्षेच्या तिन्ही रुग्णालयांच्या सुरक्षेचा आढावा घेतला. टिल्ट पूर्वी तुरुंगसेवेचे प्रमुख होते. झडत्या, कुंपणे, वस्तूंवरचे निर्बंध वाढले. तुरुंगाचे मोजमाप रुग्णालयाला लावले जात आहे, असा आक्षेप अनेक मनोविकारतज्ज्ञांनी जाहीरपणे घेतला. मला तो आक्षेप योग्य वाटतो. एका रुग्णाला व्यायामशाळेपर्यंत नेण्यात चार दारे आणि दोन झडत्या वाढल्या, तर तो वेळ व्यायामातूनच कापला जातो. सुरक्षित रुग्णालयांत दर रुग्णाला आठवड्याला २५ तासांचा अर्थपूर्ण कार्यक्रम उपलब्ध असावा, हा मापदंड पुढे रूढ झाला.

इमारतीही आड येत होत्या. २००३ मध्ये आरोग्यसेवेच्या तपासणी आयोगाने व्हिक्टोरियाच्या काळातल्या इमारती आजच्या उपचारांना योग्य नाहीत असा निर्वाळा दिला. त्याआधी दोन वर्षे रुग्णालय पश्चिम लंडनच्या मानसिक आरोग्य न्यासाकडे आले होते. २००७ मध्ये स्त्रियांचा विभाग ब्रॉडमूरमधून हलला. ज्यांच्या येण्याने संस्था सुरू झाली, त्यांच्यासाठी आता पश्चिम लंडनमध्ये वेगळी जागा झाली. नव्या इमारतीत रुग्ण गेले ते २०१९च्या डिसेंबरात. खाटा २३४, खर्च सुमारे २५ कोटी पौंड. नव्या रचनेत वॉर्डाला लागून सुरक्षित बाग आहे. याचे महत्त्व कागदावर कळत नाही. ज्या रुग्णाला मुख्य मैदानापर्यंत नेणे आज धोक्याचे आहे, त्यालाही दार उघडून मोकळ्या हवेत चालता येते. पहिल्या आणि सहाव्या क्रमांकाच्या इमारतींतल्या रुग्णांना हीच गोष्ट सर्वांत कमी मिळत होती.

अतिदक्षतेच्या वॉर्डात मोठे खेळ होत नाहीत, होऊ नयेतही. तिथे क्रीडाशिक्षक दहा मिनिटांसाठी येतो, रुग्णासमोर अंतर ठेवून उभा राहतो आणि दोघे मिळून हात वर-खाली करतात. कधी रुग्ण नकार देतो. शिक्षक दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. या दहा मिनिटांना चषक नाही, छायाचित्र नाही, वार्षिक अहवालात जेमतेम एक ओळ. ब्रॉडमूरच्या क्रिकेटपेक्षा मला हे काम मोठे वाटते.

आपल्याकडे ब्रॉडमूरसारखी एकच मध्यवर्ती संस्था नाही. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत न्यायालयाने पाठवलेले रुग्ण इतरांबरोबर किंवा वेगळ्या वॉर्डात ठेवले जातात. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०३ ने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. अशा केंद्राचा आराखडा मंजुरीला जाईल तेव्हा वॉर्डाला लागून अंगण आणि मंजूर पदांत एक प्रशिक्षित क्रीडाशिक्षक, या दोन गोष्टी त्यात आहेत का, हे मनोविकारतज्ज्ञांनी आणि वकिलांनी त्याच वेळी विचारावे. पुढे हे अंगण फक्त शांत रुग्णांसाठी खुले राहणार असेल, तर त्यावर तिथेच हरकत नोंदवावी.